गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी

शेंगदाणा खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, तर त्यावर घरात कुणी वाद घालत नाही. कोळंबीने अंगावर पित्त उठतं म्हटलं की पंगतीत वाढणारासुद्धा भांडं मुकाट्याने पुढे नेतो. अन्न पोटात जाणं आणि त्रास होणं यात वेळ गेला नाही, की साक्षीपुरावा लागत नाही. पण सोमवारी खाल्लेल्याचा त्रास बुधवारी झाला तर? रोजच्या जेवणातल्या एखाद्या पदार्थाने वर्षानुवर्षं रक्त कमी होत गेलं, केस विरळ झाले, सारखं तोंड येत राहिलं, थकवा अंगात मुरला, तर? मग त्या माणसाचं म्हणणं कुणाला पटत नाही. हळूहळू त्याचं त्यालाही पटेनासं होतं.

माझ्या धाकट्या बहिणीची ऐन उमेदीची वर्षं या न पटण्यात गेली. तिची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे.

तिचं हिमोग्लोबिन नवाच्या वर जायचंच नाही. आईने काय काय केलं! हळिवाचे लाडू, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली पालेभाजी. डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्या तर कायमच्याच. गोळ्या चालू असेपर्यंत आकडा जरा हलायचा, थांबवल्या की पुन्हा खाली. महिन्यातून एकदा तरी तोंड येऊन तिखट बंद व्हायचं. पोट फुगायचं, पण तेही अधूनमधून. दुपारी चारनंतर ती भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, "ताई, मला काही होत नाहीये, फक्त उठवत नाहीये." नातेवाईक म्हणायचे, बायकांना असतंच. ते खोटंही नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. ज्या दुखण्याने अर्ध्याहून जास्त बायका बेजार आहेत, त्याचं कारण एकेकीच्या बाबतीत कोण शोधणार? गोळ्या लिहून दिल्या की केस मिटली.

अखेर पोटाच्या विकारांच्या एका तज्ज्ञांनी तिला इतर कुणीही न विचारलेला प्रश्न विचारला. "तुम्ही गोळ्या नियमित घेता, पाळीत फार रक्त जात नाही. मग हे लोह जातंय कुठे?" त्यांनी रक्ताची एक तपासणी लिहून दिली, टीटीजी-आयजीए. आणि बजावलं, "रिपोर्ट येईपर्यंत पोळी सोडायची नाही. नेहमीसारखं खा." त्यावेळी आम्हाला ते विचित्र वाटलं, पण त्यामागचं कारण साधं आहे. ही तपासणी शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजते. गहू आधीच बंद केला तर ती कमी होत जातात, आणि आजार असूनही रिपोर्ट कोरा येतो. कुणाच्या सांगण्यावरून परस्पर गहू सोडणाऱ्या प्रत्येकाला हे आधी कळायला हवं.

रिपोर्टमधला आकडा पुष्कळ वर होता. मग दुर्बिणीतून तपासणी झाली, आतड्याचा तुकडा तपासायला गेला आणि निदान झालं. सिलिॲक आजार. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. काही माणसांच्या शरीरात ती गेली की रोगप्रतिकारयंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला रसांकुर असतात, बोटांसारखे बारीक बारीक उंचवटे. त्यांच्यामुळे अन्नरस शोषायला भरपूर जागा मिळते. या आजारात ते झिजून सपाट होतात. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि नुकसान सगळ्यात जास्त तिथेच होतं. म्हणजे आईचे लाडू आणि डॉक्टरांच्या गोळ्या दोन्ही दारापर्यंत पोचत होते, आत घ्यायलाच कुणी नव्हतं. ही ॲलर्जी नाही. पोळी खाल्ल्याबरोबर काही व्हावं असं यात बहुतेकदा घडत नाही. काहींना जुलाब होतात, मुलांची उंची खुंटते, कुणाची हाडं ठिसूळ होतात, कुणाच्या कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड येतात, कुणाला मूल राहत नाही. आणि कित्येकांची पोटाची काही तक्रारच नसते, त्यामुळे पोटाच्या डॉक्टरांकडे जायचं कुणाला सुचत नाही.

गहू आणि हा आजार यांची सांगड बसायला किती काळ गेला, हे वाचलं तेव्हा मला बहिणीच्या गेलेल्या वर्षांचं थोडं वेगळं वाईट वाटलं. लंडनमध्ये सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं, आणि उपचार झालाच तर तो आहारातूनच होईल असंही लिहून ठेवलं. पण कोणता आहार, ते कळेना. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी मुलांना केळ्यांवर ठेवलं आणि मुलं सुधारली. श्रेय केळ्यांना मिळालं. त्या आहारात ब्रेड नव्हता, याकडे लक्षच गेलं नाही. मग नेदरलँड्समधल्या हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके. असं सांगतात, की ब्रेड बंद केला की आपल्या मुलाचं पुरळ कमी होतं, हे एका आईने त्यांना सांगितलं, आणि त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. ब्रेडविना आहार देऊन पाहायला त्यांनी महायुद्धाच्या आधीच सुरुवात केली. पुढे १९४४-४५च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण दुष्काळ पडला, लोक ट्युलिपचे कंद उकडून खात होते, पाव दिसेनासा झाला. इतर मुलं खंगत असताना सिलिॲकची मुलं मात्र सावरत होती. पाव परत आला आणि त्यांची दुखणीही परतली. डिकेंनी त्यावर विसंबून न राहता पुढची कितीतरी वर्षं मोजमाप केलं. मुलांना आलटून पालटून वेगवेगळी पिठं द्यायची आणि शौचातून किती चरबी वाया जाते ते तपासायचं. १९५० मध्ये त्यांचा प्रबंध आला. त्या आईचं नाव कुठे नोंदलेलं मला सापडलं नाही. मला सारखी तिचीच आठवण येते. तिने फक्त नीट पाहिलं होतं, आणि समोर ऐकणारा माणूस बसला होता.

निदानानंतर बहिणीने गहू सोडला. पोळी, रवा, मैदा, शेवया, ब्रेड, बिस्किटं, सगळं बंद. आमचं माहेर सोलापूरकडचं, मालदांडी ज्वारीवर वाढलेलं, त्यामुळे भाकरीचं आम्हाला अप्रूप नाही. आजीच्या घरी पोळी सणाला व्हायची, एरवी भाकरीच. पुढे शाळेच्या डब्यात पोळी आली, रेशनवर गहू आला, भाकरी थापणारे हात कमी झाले आणि भाकरी गरिबाची ठरली. आता ज्वारी गव्हाहून महाग झाली आहे. देशातल्या तीन भागांतल्या तेवीस हजारांवर लोकांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तरेत दर हजारी बारा जणांच्या रक्तात सिलिॲकची प्रतिद्रव्यं निघाली, दक्षिणेत हजारात एकाच्या. या आजाराला लागणारी जनुकं मात्र दोन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात होती, तीनातल्या एकाकडे. फरक होता ताटात. उत्तरेत माणशी रोज साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गहू, दक्षिणेत पंचवीस ग्रॅम. आपलं ताट गेल्या दोन पिढ्यांत कुठून कुठे सरकलं, हे त्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावं असं मला फार वाटतं.

तर, गहू सोडून बरेच महिने झाले, थकवा पुष्कळ कमी झाला, पण रक्तातल्या प्रतिद्रव्यांचा तो आकडा म्हणावा तसा उतरेना. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "भाकरीचं पीठ कुठून आणता?" गिरणीतून, दुसरं कुठून? मग मी मुद्दाम बहिणीबरोबर तिच्या पुण्यातल्या गिरणीत गेले. दोन चक्क्या. एकीवर फक्त गहू, दुसरीवर बाकी सगळं. बाकी सगळ्यात ज्वारी, बाजरी, तांदूळ, बेसन, आणि थालीपिठाची भाजणीही, जिच्यात बहुतेक घरी मूठभर गहू असतोच. डबे रांगेत लावलेले, प्रत्येकावर चिठ्ठी. भिंतीवर, वजनकाट्यावर, काकांच्या पापण्यांवर पांढरी भुकटी.

"काका, यावर आधी काय दळलंत?"

"भाजणी झाली आत्ताच. काळजी नको ताई, पहिलं मूठभर पीठ बाजूला काढतो तुमचं."

त्यांनी मनापासून सांगितलं होतं. आपल्या आया गिरणीत थांबून राहायच्या, गव्हावर गहू आणि ज्वारीवर ज्वारीच टाका म्हणायच्या. उपासाच्या पिठासाठी तर आधीचं दळण कशाचं, याची कसून चौकशी व्हायची. ती काळजी चवीसाठी आणि सोवळ्यासाठी होती. माझ्या बहिणीला तीच काळजी आतड्यासाठी हवी होती, आणि ती मूठभर पीठ बाजूला काढून भागण्यासारखी नव्हती. भारतात पाकिटावर ग्लुटेनमुक्त असं छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. इतक्या थोड्याची ही गोष्ट आहे. आता तिच्याकडे घरघंटी आहे, आणि तिच्यात गव्हाचा दाणा जात नाही.

दुसरी गोष्ट निघाली ती फोडणीच्या डब्यात. आपण हिंग म्हणून जो आणतो तो बहुतेक बांधानी हिंग असतो, म्हणजे खाद्य डिंक आणि पीठ मिसळून केलेला, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं. बहिणीच्या सासूबाईंनी भिंग घेऊन डबीवरची बारीक अक्षरं वाचली. वरणात, आमटीत, कोशिंबिरीत, लोणच्यात, रोज दोन वेळा चिमूट चिमूट गहू जात होता, पोळी ताटात नसतानाही. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो आता त्या घरात सगळ्यांसाठीच येतो. सासूबाईंनी हे ज्या निष्ठेने केलं तिला तोड नाही. सत्यनारायणाला रव्याचा शिरा करायचा असला की त्या आधी वेगळ्या कढईत वरईच्या तांदळाचा शिरा करतात आणि दोन्हींचा नैवेद्य दाखवतात. "प्रसाद नाकारायची वेळच येऊ द्यायची नाही," म्हणतात.

इतर ठिकाणी मात्र ती वेळ येते. "एक घास खाल्ल्याने काय होतंय?" हा प्रश्न हळदीकुंकवात, डोहाळजेवणात, ऑफिसमधल्या वाढदिवसाला कुठेही येतो. तो घास खाऊन तिला त्या क्षणी काहीच दिसण्यासारखं होत नाही, आणि विचारणाऱ्याला तोच पुरावा वाटतो. उशिरा येणाऱ्या त्रासांची सगळी अडचण इथे आहे. त्रास दिसेपर्यंत कारण विस्मरणात गेलेलं असतं.

आणि याच अडचणीवर आता धंदा उभा राहिला आहे. आमच्या एका मामेभावाला वर्षानुवर्षं डोकेदुखी आणि पोटाची कुरबूर. त्याने कुठल्याशा जाहिरातीवरून घरी माणूस बोलावून रक्त दिलं, बऱ्यापैकी पैसे मोजले आणि त्याला शेकडो पदार्थांची रंगीत यादी मिळाली. लाल, पिवळं, हिरवं. लाल रंगात तांदूळ, तुरीची डाळ, दही, अंडं, गहू, शेंगदाणे. त्याने सगळं सोडलं. डोकेदुखी तशीच राहिली आणि तो मात्र वाळत गेला. अशा बहुतेक चाचण्या आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं मोजतात. आयजीजी सापडणं याचा अर्थ एवढाच, की ते अन्न या माणसाच्या खाण्यात आहे. आपण जे रोज खातो त्याचं आयजीजी असणारच, निरोगी माणसातही असतं. मराठी घरातल्या माणसाच्या यादीत तांदूळ आणि तूरडाळ लाल नाही येणार तर काय येणार? युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्येच सांगितलं, की अन्न सोसत नाही हे ठरवायला ही चाचणी वापरू नये. अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या तज्ज्ञसंस्थांनीही तेच सांगितलं. तरी यादी विकली जाते, कारण थकलेल्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदाच गंभीरपणे घेतल्यासारखं वाटतं. मला त्या भावाचा राग येत नाही. त्याची तक्रार खरी होती. तिला मिळालेलं उत्तर खोटं होतं, आणि असं उत्तर विकणाऱ्यांबद्दल मला मनापासून चीड आहे. मुलांच्या बाबतीत तर फारच, कारण वाढीच्या वयात दूध, डाळ, अंडं, गहू एकदम काढून घेतल्याची भरपाई करणं सोपं नसतं.

उशिराने होणारे त्रास खरे असतात, आणि प्रत्येकाचं यंत्र वेगळं असतं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर जगातल्या बहुसंख्य माणसांत बालपणानंतर कमी होत जातं. मग बासुंदीनंतर तासा-दोन तासांनी पोटात गुरगुर सुरू होते, पण दही बहुधा सोसतं, कारण विरजणाने काही साखर आधीच संपवलेली असते. अमेरिकेच्या आग्नेय भागातली गोष्ट तर विलक्षण आहे. तिथे कर्करोगाच्या एका औषधाची पहिलीच मात्रा दिल्यावर काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी येत होती. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये त्याचं मूळ अल्फा-गाल नावाच्या साखरेत शोधलं. मग कळलं की हीच साखर गाई-डुकराच्या आणि बोकडाच्या मांसात असते, आणि विशिष्ट गोचीड चावलेल्या माणसांना मांस खाल्ल्यानंतर तीन ते सहा तासांनी अंगावर पित्त उठतं, कधी श्वासही कोंडतो. रात्री जेवून झोपलेली माणसं मध्यरात्रीनंतर खाजवत उठत होती, आणि मटण असं तासांनंतर बाधू शकतं, यावर तोवर डॉक्टरांचाही विश्वास नव्हता.

कधी त्रास खरा असतो, पण आरोपी चुकीचा पकडलेला असतो. सिलिॲक नसतानाही गव्हाने पोट बिघडतं असं सांगणारे खूप आहेत. नॉर्वेतल्या ऑस्लोमध्ये अशा ५९ जणांना दिसायला-चवीला सारख्या वड्या दिल्या. एकीत ग्लुटेन, एकीत फ्रुक्टन नावाची कर्बोदकं, एकीत यांपैकी काहीच नाही. कोणती कोणती हे खाणाऱ्याला ठाऊक नाही. २०१८ मध्ये निष्कर्ष आला, त्रास सगळ्यात जास्त झाला तो फ्रुक्टनने. ग्लुटेनच्या आणि रिकाम्या वडीत फरक दिसला नाही. हे फ्रुक्टन गव्हात असतं, तसंच कांद्यात आणि लसणातही भरपूर असतं. ते वाचताना मला माझ्या एका मैत्रिणीची आठवण झाली. ती चातुर्मास पाळते, कांदेनवमीला भजी खाऊन झाली की कांदा-लसूण कार्तिकीपर्यंत बंद. ती कितीतरी वर्षं सांगत होती की त्या दिवसांत माझं पोट शांत असतं आणि कार्तिकीनंतर पुन्हा फुगायला लागतं. सगळ्यांनी ते व्रताचं पुण्य म्हणून सोडून दिलं. खरं तर तिच्या हातून दरवर्षी एक नीटनेटका प्रयोग होत होता. एक गोष्ट काढायची, पाहायचं, परत आणायची, पुन्हा पाहायचं. पोटाच्या अशा विकारांत आहारतज्ज्ञ करायला सांगतात ते याहून फार वेगळं नसतं. फक्त ते काही आठवड्यांपुरतं असतं, हाताशी वही असते, आणि परत आणून पाहण्याची पायरी गाळायची नसते. नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. बरं वाटलं की त्या पदार्थाला जन्मठेप, आणि ताट दरवर्षी थोडं आणखी ओसाड.

ऑस्लोतल्या रिकाम्या वडीनेही काही जणांना त्रास झाला होता. बाधेल या धास्तीनेच पोट दुखू शकतं, हे अशा अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून ते दुखणं खोटं ठरत नाही, त्या पोटातली कळ तितकीच खरी असते. पण म्हणूनच आपल्या अनुभवावर आपण कितीही ठाम असलो तरी तो तपासून घ्यावा, आणि डॉक्टरांनी तो तपासण्याच्या आधी ऐकून घ्यावा. बहिणीच्या वाट्याला ऐकणं उशिरा आलं, भावाच्या वाट्याला तपासणं आलंच नाही.

सिलिॲक घराण्यात चालतो. रुग्णाच्या आईवडिलांना, भावंडांना, मुलांना तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून सगळ्यांनी रक्त तपासून घ्यावं असं सांगतात. माझी तपासणी झाली, सध्या काही नाही, पुढे पुन्हा करायची आहे. भाच्याचीही झाली. राहिली आई. तिचंही रक्त जन्मभर कमीच, दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये नुसती घसरली तर मनगट मोडलं, आणि तोंड येणं तर तिला इतकं अंगवळणी पडलं आहे की ती त्याला दुखणं म्हणतच नाही. "आता या वयात काय करायचंय कळून," हे तिचं उत्तर. बहिणीने परवा तिला सुनावलं, "आई, तुझ्यासाठी नको, माझ्या पोरासाठी दे." तेव्हा कुठे ती तयार झाली. पुढच्या आठवड्यात घेऊन जायचं आहे. तोवर ती दोन्ही वेळा पोळीच खाते आहे, आणि ती खाते आहे ना, यावर बहीण फोन करकरून लक्ष ठेवून आहे.